कॅनवर १०%, आत किती? हायपो आणि टीसीएलची तीव्रता मोजण्याची रीत

पाणी निर्जंतुक करायच्या सोडिअम हायपोक्लोराइटच्या कॅनवर '१०%' असं छापलेलं असतं, आणि कॅन भरला त्या दिवसापुरतं ते खरंही असतं. पुढे तो ट्रकमध्ये तापतो, दुकानाच्या दारात उन्हात उभा राहतो आणि पंपघरात पत्र्याखाली महिनाभर पडून असतो. वापरायला काढाल तेव्हा आत ८% असेल, ५% असेल, कधी ३ सुद्धा. वास तेवढाच उग्र येतो, रंगावरूनही काही कळत नाही. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, तेच. पोत्यातल्या पावडरीत सुरुवातीला ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण हवा आणि ओल लागली की तो उडत जातो. आतला आकडा माहीत नसेल तर टाकीत किती घालायचं याचा हिशोब मांडूनही उपयोग नाही.

आधी नावाचा एक घोळ मिटवू. बाजारात 'हायपो' म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइट. जुने लॅबवाले आणि फोटो धुणारे मात्र 'हायपो' म्हणतात ते सोडिअम थायोसल्फेटला. एक क्लोरीन देणारा, दुसरा क्लोरीन मारणारा. या लेखात दोघांची सतत गाठ पडणार आहे, म्हणून इथे 'हायपो' म्हणजे हायपोक्लोराइट आणि दुसरा तो 'थायो'. बाटल्यांवरही पूर्ण नावच लिहा.

टक्के, पण कशाचे?

दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत तेव्हा निम्म्या वेळा भांडण एककाचं असतं. हायपोच्या बाबतीत तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात.

पहिली, टक्के उपलब्ध (म्हणजे जंतू मारायला कामी येणाऱ्या) क्लोरीनचे की सोडिअम हायपोक्लोराइटचे? उपलब्ध क्लोरीनच्या आकड्याला १.०५ ने गुणलं की हायपोक्लोराइटचा आकडा मिळतो. म्हणजे १०% उपलब्ध क्लोरीन म्हणजे १०.५% हायपोक्लोराइट. फरक लहान आहे, पण बिलावर दिसतो.

दुसरी, १०० मिलीमध्ये इतके ग्रॅम, की १०० ग्रॅममध्ये इतके ग्रॅम? इथला फरक मोठा आहे. या द्रावणाची घनता १.१६ च्या आसपास असते, त्यामुळे १०० मिलीमागे १० ग्रॅम असलेलं द्रावण वजनावर मोजलं तर ८.६ टक्केच भरतं. माल लिटरवर घेत असाल तर आकारमानाचा आकडा धरा, किलोवर घेत असाल तर वजनाचा.

तिसरी, मोजणी कोणत्या तारखेची? तारखेशिवाय हायपोच्या आकड्याला किंमत नाही.

हायड्रोमीटर इथे का फसवतो

तीव्रता मोजायची म्हटलं की आधी हायड्रोमीटरच, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी दांडी, आठवतो, आणि बऱ्याच ठिकाणी ते बरोबरही आहे. बॅटरीचं आम्ल, कॉस्टिकची लाय, मिठवणी, कारखान्यातला रसाचा ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), या सगळ्यांत विरघळलेला मुख्य पदार्थ एकच असतो. तो वाढला की घनता वाढते आणि दांडी वर येते. दांडीवर लिहिलेलं तापमान आणि द्रावणाचं तापमान जुळलं, की दोन मिनिटांत काम होतं.

हायपोत ही युक्ती चालत नाही. त्यात हायपोक्लोराइटच्या बरोबरीने साधं मीठ आणि थोडा कॉस्टिक असतोच. हायपोक्लोराइट मोडतो तेव्हा तो हवेत नाहीसा होत नाही. त्यातला बराचसा क्लोराइड आणि क्लोरेट होऊन त्याच पाण्यात राहतो. जंतू मारायची ताकद गेली, पण वजन जागेवर. त्यामुळे १०%चं ५% झालं तरी हायड्रोमीटर जवळजवळ तेच रीडिंग दाखवतो. बाजारात 'घनता बघून घ्या' म्हणणारे भेटतील. घनतेवरून माल कमी-जास्त पातळ केलाय का याचा थोडा अंदाज येतो, माल जिवंत आहे का ते मात्र कळत नाही.

टीडीएस मीटर आणि कंडक्टिव्हिटी मीटरही इथे याच कारणाने बाद. तसंही कंडक्टिव्हिटी तीव्रतेबरोबर सरळ वाढत जाते असं नाही. गंधकाम्लाची ३०%च्या आसपास सर्वात जास्त असते आणि पुढे उतरते, म्हणजे दोन वेगळ्या तीव्रतांना एकच रीडिंग येऊ शकतं. रिफ्रॅक्टोमीटर द्राक्षाच्या रसाला उत्तम, हायपोला नाही.

इथे क्लोरीनशीच बोलणारी पद्धत हवी, आणि ती म्हणजे आयोडीनचं टायट्रेशन, म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजणं. नमुन्यातला क्लोरीन पोटॅशियम आयोडाइडमधून आपल्या बरोबरीचा आयोडीन मोकळा करतो, आणि तो आयोडीन आपण थायोने मोजतो. मीठ आणि क्लोरेट या व्यवहारात पडत नाहीत. क्लोरेट न पडण्यासाठी एक काळजी घ्यावी लागते, ती पुढे येईल.

सामान आणि द्रावणं

५० मिलीची ब्युरेट (खाली तोटी असलेली मापनळी), १० आणि २५ मिलीचे पिपेट, पिपेटला लावायचा रबरी बल्ब, २५० आणि ५०० मिलीचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, २५० मिलीची तीन-चार शंकुपात्रं, मोजपात्र आणि मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू. पिपेटला तोंड लावायची सवय असेल तर ती इथे मोडा.

थायो, ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक): डिस्टिल्ड पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा. त्यात स्फटिकरूप सोडिअम थायोसल्फेट २४.८ ग्रॅम आणि सोडिअम कार्बोनेटची चिमूट, साधारण ०.१ ग्रॅम, विरघळवून १ लिटर करा. पाणी उकळायचं ते त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि जंतू घालवायला. दोघेही थायो मोडतात. गडद रंगाच्या बाटलीत भरून एक दिवस ठेवा, मगच प्रमाणीकरण करा, म्हणजे त्याची खरी तीव्रता ठरवा. द्रावण दुधाळ दिसू लागलं तर गंधक बाहेर पडलंय. ते गाळून वापरायच्या फंदात पडू नका, सरळ टाकून द्या.

पोटॅशियम आयोडेट, ०.१ नॉर्मल: १०५ ते ११० अंशांवर दोन तास सुकवलेली ३.५६७ ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये बरोबर १ लिटर करा. सगळी अचूकता या एका वजनावर उभी आहे, म्हणून इथे घाई नको. हे द्रावण झाकून ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं.

स्टार्च: १ ग्रॅम विद्राव्य स्टार्चची थंड पाण्यात पेस्ट करून १०० मिली उकळत्या पाण्यात ढवळत ओता, मिनिटभर उकळू द्या. दोन-तीन दिवसांनी ते आंबतं आणि निळ्याऐवजी मळकट जांभळा रंग देतं. ताजं करायला पाच मिनिटं लागतात, जुनं वापरू नका.

शिवाय पोटॅशियम आयोडाइडचे पांढरे खडे आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. आयोडाइड पिवळट पडलं असेल तर त्यात आयोडीन आधीच मोकळा झालाय, ते बाजूला ठेवा.

आधी थायोची खरी नॉर्मॅलिटी

२५ मिली आयोडेट शंकुपात्रात घ्या. २ ग्रॅम आयोडाइड घालून विरघळवा, मग १० मिली १ नॉर्मल गंधकाम्ल. द्रावण लगेच गडद तपकिरी होतं. लगोलग थायोने टायट्रेट करा. रंग गवताच्या काडीसारखा फिका पिवळा झाला की १ ते २ मिली स्टार्च घाला. गर्द निळा रंग येतो. मग थेंब थेंब थायो, निळा एकदम जाईपर्यंत. तीन वेळा करा. रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळायला हवीत.

समजा २५.४ मिली थायो लागला. २५ गुणिले ०.१ भागिले २५.४, म्हणजे ०.०९८४ नॉर्मल. बाटलीवर 'अंदाजे ०.१' लिहू नका. ०.०९८४ आणि तारीख लिहा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा.

नमुना

चुकलेल्या निकालांचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. कॅन हलवून घ्या, पण जपून. हायपोतून हळूहळू ऑक्सिजन सुटत असतो, त्यामुळे घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये दाब असतो. झाकण आधी थोडं सैल करून फुसफुस थांबू द्या. चष्मा आणि हातमोजे आधीच घातलेले असू द्या. नमुना प्लॅस्टिकच्या किंवा गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, सावलीत आणा आणि त्याच दिवशी मोजा. धातूचं झाकण किंवा डबा अजिबात नको. निकेल, तांबं, लोखंड यांचा अंश मिसळला तरी हायपो झपाट्याने मोडतो.

टायट्रेशन

१. १० मिली हायपो पिपेटने २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, खुणेपर्यंत पाणी भरा, बूच लावून दहा-बारा वेळा उलटंसुलटं करा. थेट १ मिली घेतला तर पिपेटच्या टोकाला राहिलेल्या एका थेंबाने पाच टक्के चूक होते. विरल करायचं ते यासाठी.

२. यातले २५ मिली शंकुपात्रात घ्या. यात मूळचा हायपो बरोबर १ मिली आला.

३. ५० मिली पाणी आणि २ ग्रॅम आयोडाइड घाला, पूर्ण विरघळू द्या.

४. आता १० मिली ॲसेटिक आम्ल घाला. हा क्रम उलटा करू नका. आम्ल आधी पडलं तर क्लोरीन वायू होऊन उडतो. निकाल कमी येतो आणि घशालाही त्रास होतो. आयोडाइड आधीच हजर असेल तर क्लोरीनला पळायला वाव मिळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल जवळ आहे म्हणून तेही वापरू नका. तीव्र आम्लात क्लोरेटसुद्धा आयोडीन मोकळा करू लागतो आणि मेलेला माल जिवंत दिसतो.

५. लगेच थायो सोडायला घ्या. पात्र गोल फिरवत राहा. तपकिरी, मग नारिंगी, मग फिका पिवळा. इथे थांबून स्टार्च घाला. आधीच घातला तर जास्तीचा आयोडीन स्टार्चमध्ये अडकून बसतो, सुटता सुटत नाही, आणि शेवट ओलांडला जातो.

६. शेवटी एकेक थेंब. पात्राखाली पांढरा कागद ठेवा. निळा रंग जाऊन पाण्यासारखं स्वच्छ झालं की थांबा. दोन-तीन मिनिटांनी निळसर छटा परत आली तर ती हवेतल्या ऑक्सिजनची करामत, तिकडे दुर्लक्ष करा. पाच-दहा सेकंदांतच परत आली तर टायट्रेशन संपलं नव्हतं.

७. नमुना सोडून बाकी सगळं घालून एक ब्लँक करा. त्याला लागलेले थेंब रीडिंगमधून वजा करा.

ब्युरेटबद्दल दोन शब्द. तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तो मध्येच निसटतो आणि अर्धा मिली खोटा मोजला जातो. सुरुवातीला तोटी पूर्ण उघडून तो घालवा. भरायला लावलेलं नरसाळं काढून ठेवा, त्यातून मागाहून थेंब पडतात. आणि डोळा पाण्याच्या पातळीला. वरून बघून वाचलेली दोन माणसांची रीडिंग कधी जुळत नाहीत.

हिशोब

०.१ नॉर्मल थायोचा १ मिली म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीन. म्हणून:

क्लोरीन मिग्रॅमध्ये = लागलेला थायो (मिली) × नॉर्मॅलिटी × ३५.४५

समजा २४.३ मिली लागले. २४.३ × ०.०९८४ × ३५.४५ = ८४.८ मिग्रॅ. हा क्लोरीन १ मिली हायपोतला, म्हणजे लिटरला ८४.८ ग्रॅम, म्हणजेच आकारमानावर ८.५%. वजनावरचा आकडा हवा असेल तर घनतेने भागा. १.१६ घनतेला ७.३% येतात. हायड्रोमीटर कपाटातून काढायचा तो एवढ्याचसाठी.

पूर्ण १०%च्या मालाला ०.१ नॉर्मल थायो २८.२ मिली लागतो. हा आकडा लक्षात असला की ब्युरेटकडे बघूनच माल कुठे आहे ते कळतं. ३० मिलीच्या वर गेलात तर खूश होण्याआधी विरल करताना काही चुकलं का ते बघा.

टीसीएल

पद्धत तीच, नमुना घेण्यात फरक. पोत्याच्या तोंडाशी असलेली पावडर सगळ्यात मेलेली असते, तेवढीच मोजू नका. मध्यातून आणि तळातून घेऊन मिसळा. ५ ग्रॅम पावडर पटकन तोला, खलात थोड्या पाण्याने गुळगुळीत वाटा, आणि खल धुवून सगळं ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये न्या. खुणेपर्यंत पाणी भरा. आता फ्लास्क जोरात हलवा आणि गढूळ असतानाच २५ मिली काढा. पिपेटचं टोक बारीक असेल तर चुन्याने तुंबतं, रुंद टोकाचा घ्या.

टाकीत सोडताना आपण वरची निवळ घेतो, चुन्याचा गाळ खाली ठेवतो. तीच सवय इथे आली की आकडा कमी येतो, कारण थोडा क्लोरीन गाळातच राहतो. पावडरचा खरा कस हवा तर गाळासकट मोजा.

त्या २५ मिलीत पावडर ०.२५ ग्रॅम आली. १५.८ मिली थायो लागला तर १५.८ × ०.०९८४ × ३५.४५ = ५५.१ मिग्रॅ, २५० मिग्रॅ पावडरीत. म्हणजे २२%. आपल्याकडे २०%च्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरत नाहीत, त्यामुळे २२% आलेलं पोतं मागे ठेवू नका, आधी संपवा.

लॅब नसेल तर

जलसुरक्षकाकडे रंग जुळवून बघायचा क्लोरोस्कोप असतो, जुना ओटीचा (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीनने पिवळा रंग देणारा) किंवा आताचा डीपीडीचा (गुलाबी रंग देणारा). तो पाण्यातला क्लोरीन मोजण्यासाठी असला तरी त्यावरून मूळ मालाचा अंदाज निघतो. मेडिकलमधून १, ५ आणि १० मिलीच्या सिरिंज आणा आणि आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. विहिरीचं पाणी चालणार नाही, ते स्वतःच क्लोरीन खातं.

हायपो १ मिली घेऊन १ लिटर करा. त्यातले १० मिली घेऊन पुन्हा १ लिटर. आता क्लोरोस्कोपवर जे येईल त्याला १० ने गुणा. ०.८ मिग्रॅ आलं तर ८%. टीसीएल १ ग्रॅम घेऊन १ लिटर करा, हलवून त्यातले ५ मिली पुन्हा १ लिटर, आणि रीडिंगला २० ने गुणा. १.५ आलं तर ३०%. रंगपट्टीच्या पायऱ्या मोठ्या असल्याने हायपोत एक-दोन टक्क्यांची चूक धरूनच चला. ८ की ९ हे यातून कळणार नाही, ८ की ४ हे मात्र नक्की कळतं, आणि बहुतेक वेळा प्रश्न तेवढाच असतो.

ओटी वापरत असाल तर रंग दहा सेकंदांत वाचा. उशिरा दिसणारा पिवळा रंग अमोनियाला चिकटलेल्या क्लोरीनचाही असतो. ऑर्थोटोलिडिन अंगावर घेऊ नये असं रसायन आहे, म्हणून जमेल तिथे डीपीडीच घ्या. पण डीपीडीचा एक खोडसाळपणा आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन क्षणात उडून जातो आणि कुपी स्वच्छ दिसते. 'क्लोरीन शून्य' म्हणून आणखी हायपो ओतण्याआधी नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा.

साठवण

हायपो जितका तीव्र तितका लवकर मोडतो, आणि तोही सरळ प्रमाणात नाही. तीव्रता निम्मी केली की मोडण्याचा वेग पावपट होतो. १०%चं ५% व्हायला जितके दिवस लागतात, त्याच्या दुप्पट ५%चं २.५% व्हायला लागतात. म्हणून महिनाभर पुरवायचा असेल तर आल्या दिवशी मोजून आरओच्या पाण्याने निम्मा पातळ करून ठेवणं परवडतं. मूळ मापाच्या जोरावर नवा आकडा लिहून टाकू नका, पातळ केल्यावर पुन्हा मोजा. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग तिप्पट-चौपट होतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला मोजावं लागतं.

आकडा हातात आल्यावर

१०,००० लिटरच्या टाकीत लिटरला २ मिग्रॅ क्लोरीन हवा, म्हणजे एकूण २० ग्रॅम. कॅनवरच्या १०%वर विश्वासलात तर २०० मिली टाकाल. मोजलेल्या ८.५%ला २३६ मिली लागतात आणि ४%वर आलेल्या मालाला तब्बल ५०० मिली. २२%ची टीसीएल ९१ ग्रॅम. फरशी पुसायला १%चं द्रावण करायचं तर ८.५%च्या १ लिटरला साडेसात लिटर पाणी. १०% समजून नऊ लिटर ओतलंत तर ०.८५%च होतं.

मात्रा घालून अर्ध्या तासाने शेवटच्या नळाचं पाणी तपासा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे तिथे लिटरला किमान ०.२ मिग्रॅ मोकळा क्लोरीन हवा. माल मोजलेला, हिशोब बरोबर, तरी शून्य येत असेल तर पाणीच क्लोरीन खातंय. विहिरीसाठी अशा वेळी हॉरॉक्स चाचणी करतात. चाचणीच्या संचातल्या काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम टीसीएल खुणेपर्यंतच्या पाण्यात कालवून निवळू द्यायची. २०० मिलीच्या सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरून पहिल्यात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं आणि प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकायचे. स्पष्ट निळा रंग पहिल्यांदा तिसऱ्या कपात दिसला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. ही चाचणी पावडरचा कस आणि पाण्याची भूक दोन्ही एकदम मोजते, म्हणून जी पावडर विहिरीत पडणार आहे तीच काळ्या कपात घ्या, नव्या पोत्यातली नाही.